25,000 डॉलर दंड जास्त नव्हता

काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधल्या मित्राशी चांगलाच वाद झाला. विषय 2025 च्या उन्हाळ्यातला, पण इथे कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात तो अजून निवलेला नाही. 5 ऑगस्टला प्रांताच्या सरकारने वणव्याच्या भीतीने जंगलात जाणंच बंद केलं होतं: पायी भटकंती, मासेमारी, तंबू, गाड्या, सगळं. मोडलं तर 25,000 डॉलर, म्हणजे 15 लाख रुपयांच्या वर. एका माजी सैनिकाने मुद्दाम जंगलात जाऊन तो दंड ओढवून घेतला, वरच्या आकारांसकट 28,872.50 डॉलर. माझ्या मित्राला तो वीर वाटतो. मित्राकडे एटीव्ही (रानवाटांवर चालणारी उघडी चारचाकी) आहे, तो वडिलांच्या मागे बसून या जंगलात वाढलाय. त्याचं दुःख मला कळतं. तरीही दंड बरोबरच होता.

एटीव्हीचा सायलेन्सर भयंकर तापतो. वाळकं गवत, दलदलीतलं शेवाळ त्याच्याभोवती अडकतं, सुकतं, धुमसतं आणि वाटेत कुठेतरी गळून पडतं. चालवणारा तोवर पुढे गेलेला असतो. त्यात 2022 च्या फियोना वादळात उन्मळलेली झाडं जंगलात ठिकठिकाणी वाळत पडलेली.

मित्र म्हणाला, "त्याच ऑगस्टमधली इथली लाँग लेकची मोठी आग तर आकाशातल्या विजेने लागली! मग बंदीचा उपयोग काय?"

अरे, तेच तर! वीज कुणाच्या हातात नाही. ती आग हजारो हेक्टर पसरली, घरं गेली. त्या वेळी दुसरीकडे एखाद्या एटीव्हीने ठिणगी टाकली असती, किंवा कुणी 20 किलोमीटर आत गाडी बंद पडून अडकला असता, तर तिकडे कोण धावलं असतं? इथले बहुतेक अग्निशामक स्वयंसेवक आहेत. स्वतःची नोकरी सोडून येणारी माणसं. ती मोजकीच असतात.

भोरकडच्या आमच्या गावात डोंगराला वणवा लागला की माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावत. दोन बाजूंनी लागला, तर घरं असतील तिकडे सगळे जात आणि दुसरी बाजू जळू द्यावी लागे. लहानपणी ते पाहताना मी रडलोय. 28 मे 2023 ला इथलं हॅलिफॅक्सजवळचं टँटलॉन पेटलं, 151 घरं गेली, तेव्हा मला आधी तो डोंगर आठवला.

एका मुद्द्यावर मात्र मित्राचं मला पटलं. घरामागच्या पायवाटेवर कुत्रा फिरवणाऱ्याला आणि तापलेलं इंजिन घेऊन रानात खोल घुसणाऱ्याला एकच रक्कम, हे चूक आहे. पायी जाणाऱ्याचा दंड कमी करा. गाडीवाल्याचा एक डॉलरही कमी करू नका. आणि वसूल झालेला पैसा त्या त्या गावातल्या स्वयंसेवकांच्या फायर हॉलला (अग्निशमन केंद्राला) द्या, नव्या होजपाईपसाठी, पंपांसाठी. हे मी आमच्या आमदाराला पत्रातही लिहितोय. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाला सही करायची असेल, तर मेसेज करा.