हजारो सायटेशन म्हणजे औषध लागू पडलं असं नाही

तो मेसेज परत फिरायला लागलाय. फ्रान्समधल्या मार्सेचे डॉ. दिदिए राऊल, दोन हजारांच्या वर पेपर, एच-इंडेक्स शंभराच्या पुढे, त्यांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीननं कोविड बरा होतो हे मार्च २०२० मधेच दाखवलं, तो पेपर हजारो वेळा सायट झाला (म्हणजे दुसऱ्या पेपरांनी त्याचा उल्लेख केला) आणि तरी कंपन्यांनी स्वस्तातलं औषध दाबलं. आमच्या घरच्या ग्रुपवर तिघांनी टाकला म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

आधी जे खरंय ते. व्हिपल या दुर्मीळ आजाराचा जिवाणू लॅबमधे वाढवणं कुणाला नीट जमत नव्हतं, ते राऊल यांच्या टीमनं २००० साली करून दाखवलं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरमधे सापडलेला जीव दहा वर्षं जिवाणूच समजला जात होता, तो व्हायरस आहे हे २००३ मधे त्यांच्याच टीमनं सांगितलं, तोच मिमीव्हायरस. मोठं काम आहे. पण त्या कामानं कोविडच्या गोळीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता दोन हजार पेपर. चाळीस वर्षांत दोन हजार म्हणजे दर आठवड्याला एक, इतकं कुणी एकटा लिहीत नाही, मोठ्या संस्थेचा प्रमुख असला की हाताखालच्या टीम्सच्या पेपरवरही नाव येतं. त्यात फ्रान्समधे सिगॅप्स नावाची पद्धत आहे, पेपरमागे हॉस्पिटलला पॉइंट आणि पॉइंटांवर सरकारी पैसे. 'न्यू मायक्रोब्स अँड न्यू इन्फेक्शन्स' या जर्नलमधल्या तीनातल्या जवळपास एका पेपरवर राऊल यांचं नाव होतं आणि संपादक मंडळात त्यांच्याच संस्थेतले लोक, हे २०२१ मधे मोजून छापलंय. एच-इंडेक्स १०० म्हणजे प्रत्येकी निदान १०० सायटेशन असलेले १०० पेपर, बस. सायटेशन कौतुकाचं की खोडून काढणारं हे त्यात कळतच नाही.

आणि तो मार्चचा पेपर, तो तर उघडून वाचाच. पेशंट किती? ३६. औषध सुरू केलं २६ जणांना, हिशोबात धरले २०. उरलेल्या सहातले तीन आयसीयूत गेले, एक वारला, एक हॉस्पिटल सोडून गेला, एकानं मळमळ होते म्हणून गोळ्या थांबवल्या. हे सहा बाजूला काढले आणि मग सहाव्या दिवशी ७० टक्के लोकांचा व्हायरस गेला असं लिहिलं! ज्यांच्याशी तुलना केली ते १६ जण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, काही दुसऱ्या हॉस्पिटलचे, काही औषध नको म्हणणारे. पेपर पाठवला आणि एका दिवसात मंजूर, जर्नलचे मुख्य संपादक स्वतः सहलेखक. मला खरंच राग येतो तो त्या सहा जणांसाठी, जे पेशंट बिघडले तेच मोजायचे नाहीत हे कसलं विज्ञान.

"लॅन्सेट या ब्रिटिश जर्नलमधला विरोधी पेपर खोटा निघाला ना?" हो निघाला, २०२० च्या २२ मेला आला, ४ जूनला मागं घेतला, चांगलंच झालं. पण औषधाचा निकाल त्याच्यावर लागलेला नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमधे १५६१ पेशंटना हे औषध दिलं, ३१५५ जणांना नेहमीचे उपचार, कोण कुठल्या गटात ते नशिबावर. २८ दिवसांत औषधवाले २७ टक्के वारले, दुसरे २५. म्हणजे फायदा काहीच नाही. आणि दाबलं कुठं? आपल्या आयसीएमआरनं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मार्च २०२० मधेच आरोग्य कर्मचाऱ्यांनी घ्या म्हणून सांगितलं होतं.

माझ्या मावशीला संधिवात आहे, ती हीच गोळी कित्येक वर्षं घेते. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात भाऊ तिचं जुनं प्रिस्क्रिप्शन खिशात घालून सायकलवर सात मेडिकल फिरला, सगळीकडे "स्टॉक संपला". लोकांनी घरात साठवून ठेवल्या होत्या. शेवटी आठव्या दुकानात अर्धी पट्टी मिळाली, ती तिनं एक दिवसाआड घेऊन पुरवली आणि सकाळी तिला बोटं मिटता येईनात, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायची.

राऊल यांचा तो मार्चचा पेपर डिसेंबर २०२४ मधे मागं घेतला गेला, पावणेपाच वर्षांनी, नैतिक परवानगीवर प्रश्न होते आणि तीन सहलेखकांनीच आक्षेप घेतले होते. तोवर त्याला तीन हजारांच्या वर सायटेशन झाली होती. मेसेजमधे ती आजही मोजतायत, पेपर मागं घेतल्याचं मात्र एका ओळीतही नाही.