१२ व्होल्टचा मेगाब्लॉक

मागच्या रविवारी माझ्याच घरात, माझ्याच पैशाने घेतलेल्या आगगाडीचं बटण बंद करायला मला परवानगी मिळाली नाही. आगगाडी म्हणजे खेळण्यातली. (हा शब्द मी स्वतःहून वापरतोय याची नोंद घ्यावी. एरवी कोणी ‘खेळणं’ म्हणालं की मी खऱ्या गाडीशी असलेलं १:८७ हे प्रमाण समजावून सांगायला बसतो आणि समोरचा उठतो.) डोंबिवलीत आमच्या बंदिस्त गॅलरीत सहा बाय चारचं प्लायवूड, त्यावर रूळ, एक बोगदा आणि मी हाताने निळी-पांढरी रंगवलेली डेक्कन क्वीन. इंजीन मुळातलं जर्मन, पण रंग दिल्यावर कोण कुळाची चौकशी करतंय!

भानगड आवाजाची होती. गाडी उभी, कंट्रोलरचं बटण बंद, तरी ट्रान्सफॉर्मर रात्रभर गुंऽऽ करतो. कारण ते बटण फक्त रुळांकडे जाणारे १२ व्होल्ट तोडतं. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरला मिळतच राहतात आणि तो कोमट होऊन जागा राहतो. बायको म्हणाली, “एक तर तो झोपेल, नाहीतर मी.” भिंतीवरचं बटण लोखंडी कपाटामागे. म्हणून तिथून एक्स्टेंशन बोर्ड काढलेला, त्यावर घरातल्या सगळ्यांनी आपापली बिऱ्हाडं थाटलेली. वायफाय, मोबाइल, मुलीचा लॅपटॉप. एका रात्री मी तो बोर्डच बंद केला, तर मुलगी परदेशातल्या साहेबाशी बोलता बोलता पडद्यावर गोठली. तोंड उघडं असताना. सकाळी बोर्डावर चिकटपट्टी लागली: ‘बाबांनी हात लावू नये.’ नुसतं ‘हात लावू नये’ चाललं असतं. बाबांचा नावानिशी उल्लेख कशाला?

तेव्हा ठरवलं, गाडीला वेगळा पॉइंट घ्यायचा. इलेक्ट्रिशियनला रविवारी सकाळी बोलावलं आणि ही गोष्ट जिन्यात बोललो. ती चूक झाली.

तळमजल्यावरचे काका रेल्वेतून निवृत्त. टीआरडी, म्हणजे ओव्हरहेड वायरींचं खातं. मुंबईत १५०० व्होल्टचा डीसी जाऊन २५,००० व्होल्टचा एसी आला, ते सगळं यांच्या डोक्यावरून गेलेलं. शब्दशः. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ते काका अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, वायर यांनीच धरून ठेवली होती.

“कुठला पॉइंट?” काकांनी विचारलं.

“गाडीचा.”

“नंबर काय?”

पॉइंट म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा नव्हे, बटण, हे कळायला त्यांना पाच मिनिटं लागली. तोवर ते आमच्या गॅलरीत उभे होते, खिशातून टेप काढून रूळ मोजत.

“साडेसोळा मिलिमीटर. गुणिले सत्याऐंशी... हा तर स्टँडर्ड गेज झाला! डेक्कन क्वीन ब्रॉड गेजवर धावते हो. १६७६ मिलिमीटर. तुमचे रूळ पावणेतीन मिलिमीटर जवळ आलेत.”

“काका, तसेच मिळतात.”

“तसेच मिळतात म्हणून घाटात गाडी नेतात का?” मग इंजिनाच्या टपावरच्या, वायरीतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफला बोट लावून, “आणि हे? वर वायरच नाही!”

“तो शोभेचा आहे. करंट रुळांतून येतो.”

काका खुर्चीवर बसले. “आमच्याकडे रुळांतून परत जातो.”

“इथे एका रुळातून येतो, दुसऱ्यातून परत जातो.”

“म्हणजे एखादी पिन आडवी पडली की संपलं.”

हे मात्र खरं होतं. गेल्या महिन्यात साडीची पिन पडली होती. ट्रान्सफॉर्मर तापून आपोआप बंद झाला, गार झाल्यावर आपोआप चालू झाला, पुन्हा बंद. मी हे कबूल केलं नाही. बायकोने केलं.

इतक्यात इलेक्ट्रिशियन आला. बटण बंद करून त्याने प्लगला हात घातला, तोच काका ओरडले, “शटडाउन कोणी दिला?”

“बटन बंद केलंय ना.”

“बंद आहे असं बटण म्हणतंय. त्याच्यावर विश्वास ठेवायला ते काय नातेवाईक आहे?” त्यांनी त्याच्याच खिशातला टेस्टर काढला, कपाटामागे हात घालून सॉकेटच्या भोकात लावला.

टेस्टर पेटला.

इथे मला विनोद सुचत नाही. बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर होतं आणि फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, सरळ सॉकेटमध्ये आली होती. म्हणजे बंद केल्यावर गाडी थांबायची, पण सॉकेटमधल्या २३० व्होल्टना त्याचा पत्ताच नसायचा. फ्लॅट घेऊन सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी तिथे ओल्या हाताने किती वेळा चाचपडलो असेन, मुलगी लहान होती तेव्हा तिने किती वेळा... असो. वायरिंग करणाऱ्याने दोन वायरी उलट जोडल्या, बिल्डरने पाहिलं नाही, ताबा देताना आमच्याकडून अकरा ठिकाणी सह्या घेतल्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “चालतं हो साहेब, निम्म्या बिल्डिंगीत असंच आहे.” हे तो मला धीर द्यायला म्हणाला.

त्यानंतर काकांना अडवणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. आधी ब्लॉक, मग सप्लाय बंद, मग परमिट टू वर्क, म्हणजे कामाची लेखी परवानगी, मग अर्थिंग, मग काम. बायकोची ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर, म्हणजे वायरींची वीज चालू-बंद करणारा अधिकारी, म्हणून नेमणूक झाली. जिने सोळा वर्षांत माझ्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही, ती हॉलमध्ये मेन स्विचखाली खुर्ची टाकून बसली. वहीच्या पानावर परमिट लिहिलं गेलं: वेळ, जागा, कामाचं स्वरूप. घेणार काका, देणार बायको. माझी सही कुठेच नव्हती. मी विचारलं तर काका म्हणाले, “तुम्ही प्रवासी.”

मेन बंद झाला. पंखे थांबले. कपडे वाळत घालायच्या काठीला वायर बांधून काकांनी उरलीसुरली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड केला आणि १२ व्होल्टच्या, तेही बंद असलेल्या रुळांना तो बोगद्याच्या अलीकडे लावला. मग पलीकडे. दोन्ही बाजूंना लावावाच लागतो म्हणे. बाहेर रेल्वेचाही मेगाब्लॉक चालू होता, त्यामुळे मुलगी कुठे जाऊही शकत नव्हती. ती वायफायविना बसून माझ्याकडे बघत होती.

इलेक्ट्रिशियनचं काम वीस मिनिटांचं. वायरी सुलट्या केल्या, नवं बटण बसवलं, त्यात लाल दिवा. त्यावरही काका अडले. लाल म्हणजे थांबा. इथे लाल पेटला की चालू. “हे बदला,” म्हणाले. इलेक्ट्रिशियन पैसे घेऊन निघून गेला.

घराचा मेन चालू झाला, कारण फ्रिजमध्ये श्रीखंड होतं. गाडीच्या बटणावर मात्र बायकोने नवी चिकटपट्टी लावली. परमिट ज्याने घेतलं त्यानेच ते परत करायचं असतं. आणि परमिट शर्टाच्या खिशात ठेवून काका त्याच संध्याकाळी मुलाकडे नाशिकला गेले.

आज नऊ दिवस झाले. रात्री घरात अगदी शांत असतं, बायको छान झोपते. काल न राहवून काकांना फोन केला. म्हणाले, “फोनवर परमिट रद्द करता येतं की. प्रायव्हेट नंबर द्यावा लागतो, निरोप खरा असल्याची खूण म्हणून. तो मी सोमवारीच वहिनींना सांगितलाय.”

बायकोला विचारलं. म्हणाली, सांगितला होता, पण तेव्हा हाताशी पेन नव्हतं.