आमचंच रेकॉर्ड, आम्हालाच नाही

ताईचं सिमकार्ड माझ्या नावावर आहे. त्याचं कॉल रेकॉर्ड हवं म्हणून काल मोबाईल कंपनीच्या गॅलरीत दीड तास उभा होतो. आधार दाखवा, ओटीपी सांगा, कॅमेऱ्याकडे बघा, आणि शेवटी काय, तर "सर, आम्हाला एवढं डिटेल दिसतच नाही."

बरं, तुम्हाला दिसत नाही. मग गेल्या महिन्यात ताईला बघायला आलेल्या मंडळींनी पोह्यांच्या बशीशेजारी जे तीन कागद ठेवले, ते काय आभाळातून पडले? नंबर, तारीख, वेळ, टॉवर, सगळं. एका नंबरावर पिवळा हायलायटर. रात्री 11.40, अडतीस मिनिटं. "हा कोण?" अहो, आजी अ‍ॅडमिट होती, तिच्या वॉर्डातला नाइट ड्यूटीचा ब्रदर होता तो! वर निर्लज्जपणे म्हणतात, "थोडी चौकशी केली, आजकाल सगळेच करतात."

याला चौकशी नाही, चोरी म्हणतात. सीडीआर, म्हणजे हेच कॉल रेकॉर्ड, मागवायला पोलिसांनासुद्धा एसपी किंवा डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. तरी 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी हाच माल विकणारे खासगी डिटेक्टिव्ह पकडलेच ना? 2013 मध्ये तर अरुण जेटलींचं रेकॉर्ड काढल्याच्या प्रकरणात दिल्ली पोलिसांचाच शिपाई अडकला. राज्यसभेतल्या विरोधी पक्षनेत्याची ही गत, तिथे आमच्या ताईला कोण विचारतो!

आणि तो कायदा. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. टाळ्या. मग 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, दंड म्हणे अडीचशे कोटींपर्यंत. जमा कुठे होणार? सरकारी तिजोरीत. जिची अब्रू चहाच्या टेबलावर मांडली तिला दमडी नाही. उलट आयटी कायद्यात भरपाईचं जे एक कलम होतं, तेही याच कायद्यानं उडवायला घेतलंय. आणि तुमची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर दहा हजारांपर्यंत दंड तुम्हालाच! म्हणजे आधी आमची चोरी, मग आमचीच झडती.

पोलीस ठाण्यातही गेलो होतो. त्या कागदांचे फोटो दाखवले. "फोटोवर काय होतंय? कंपनीकडून ओरिजिनल आणा, ताडून बघू."

म्हणून तर काल गॅलरीत उभा होतो.