रेसचा घोडा फुकट देताय? मग त्याच्या चाऱ्याचे पैसेही द्या

"रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, वय सहा वर्षं, फुकट देणे आहे, फक्त प्रेमळ घर हवं." अशा मजकुराचे मेसेज सध्या आमच्या नांदेड-लातूरकडच्या घोडेवाल्यांच्या ग्रुपवर फिरतायत. फोटोतलं जनावर देखणं असतं. खाली आपल्या पोरांची झुंबड उडते, "मला द्या दादा", "आजच पिकअप पाठवतो". पोरांच्या हौसेवर माझा राग नाही. घोड्याचं वेड आमच्या घरातही आजोबांपासून आहे. राग आहे तो असं जनावर देऊन हात झटकणाऱ्यांवर, आणि तो आज मोकळेपणानं लिहितोय.

थरोब्रेड ही रेससाठीच पैदा केलेली जात. हा घोडा दोन वर्षांचा झाला की पळायला लागतो. पाच-सहा वर्षांचा होईस्तोवर बहुतेकांचं पळणं संपत येतं. कुणाची नस, म्हणजे पायातला स्नायूचा दोर (टेंडन), जाते, कुणाचा वेग कमी पडतो. पण नीट सांभाळला तर घोडा पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे मुंबई-पुण्याच्या तबेल्यात चार-पाच वर्षं आणि पुढची अठरा-वीस वर्षं कुणाच्या तरी दारात. कमाईची वर्षं एकाकडे, खर्चाची दुसऱ्याकडे. आणि हा दुसरा कोण? ज्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, चैत्र-वैशाखात बैलांनाच कडबा पुरत नाही, असा आमचा माणूस. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आम्ही अजून विसरलेलो नाही. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो, वर खुराक लागतो, आणि उन्हाळ्यात चाळीस-पन्नास लिटर पाणी. टँकरवर जगणाऱ्या गावात हे नुसत्या प्रेमावर कसं निभणार?

कुणी म्हणेल, मराठवाड्यात घोडे नाहीत का? आहेत की. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत येऊन बघा. मारवाडी, काठेवाडी, पांढरे नुकरे, पंचकल्याणी, लांबलांबून आलेले. धनगरांची भीमथडी तट्टं पाठीवर अख्खा संसार घेऊन आमच्या शिवारातून जातात, मिळेल ते खातात, दगडा-काट्यातून चालतात. पण या जनावरांवरून रेसच्या घोड्याचा अंदाज बांधता येत नाही. तो दिवसातले वीस-बावीस तास बंद तबेल्यात उभा राहिलेला, वेळच्या वेळी ओट खाल्लेला, पातळ कातडीचा. खुंटाला बांधून घ्यायची सवय त्याला नसते. अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) लावली की घाबरून ओढ घेतो आणि दोरीनं पाय सोलून घेतो.

सगळ्यात धोक्याची गोष्ट लगामाची. आपला घोडा लगाम ओढला की थांबतो. रेसच्या घोड्याला शिकवलेलं असतं की जॉकीनं लगाम ताणून धरला म्हणजे तोंड टेकवून अंग झोकायचं, पळायचं. आमच्याच शिवारात एका पोरानं असा घोडा आणला, पहिल्याच दिवशी खोगीर टाकून बसला. घोडा जरा उधळल्यासारखा वाटला म्हणून त्यानं दोन्ही हातांनी लगाम मागं खेचला. जितका खेचला तितका घोडा वाढला. कापसाच्या पाटातून थेट डांबरी रस्त्यावर. पोराचं मनगट मोडलं, घोड्याचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. गाव म्हणालं घोडा द्वाड आहे. द्वाड नव्हता तो, शिकवलेलं तेवढंच करत होता. पण ते सांगायला देणाऱ्यांपैकी कुणी आलं नाही, आणि महिन्याभरात घोडा दलालाच्या हाती गेला.

दलालाकडून पुढं काय होतं ते घोडेबाजारात फिरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. वरातीला पांढरी घोडी लागते, बाजेवर, म्हणजे खाटेवर, नाचणारी लागते. रेसचे घोडे बहुतेक तांबडे नाहीतर काळपट. माळेगावला गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतं, गळ्याखाली देवमण (शुभ मानतात तो भोवरा) आहे का बघतं, चाल रेवाल (धक्के न देणारी, ठेक्यातली) आहे का विचारतं. यातलं काहीच या घोड्यात भेटत नाही, म्हणून भाव पडतो. मग तो टांग्याच्या चोरट्या शर्यतीत जातो नाहीतर ओझ्याच्या गाडीला. पुढच्या पायाची नस गेलेली असेल तर तिथं त्याचे किती दिवस निघणार? नळीमागून, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडामागून, हात फिरवा, निरोगी पायाला नस सरळ तारेसारखी लागते. दुखावलेली असेल तर बोटांखाली फुगीर, मऊ, गरम लागते. ज्याला हे तपासता येत नाही त्याच्या हाती रेसचा घोडा देणं हा त्या घोड्यावर अन्याय आहे, आणि त्या माणसावरही.

आमच्या आखाड्यावर अशीच एक तांबडी घोडी आहे. ती नीट आहे, कारण तिचा पुण्याचा मालक तिला सोडून मोकळा झाला नाही. रेस बंद झाल्यावर त्यानं आधी तिला काही महिने नुसतं कुरणात ठेवलं, खुराक हळूहळू उतरवला, मगच पाठवलं. आमच्याकडं ओटवरून हरभरा आणि गव्हाच्या कोंड्यावर आणायला कित्येक आठवडे घेतले. घोडा बैलासारखा रवंथ करत नाही, आणि त्याला उलटी करता येत नाही. खाणं एकदम बदललं की पोटशूळ, आणि पोटशूळ म्हणजे रात्रीतून मरण. हिरव्या ज्वारीवर तर आम्ही तिला जाऊच देत नाही. सतत ती खाल्ली तर घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो. बुरशी लागलेलं भुसकटसुद्धा तसंच जीवघेणं. आपल्याकडं बैलाच्या पत्र्या ठोकणारे भेटतात, पण घोड्याचं खूर कापून नाल बसवणारा नालबंद लांबून बोलवावा लागतो, दर पाच-सहा आठवड्यांनी. त्याचे आणि चाऱ्याचे पैसे मालक महिन्याच्या महिन्याला पाठवतो. आमच्यात लिहून ठेवलंय की घोडी विकायची नाही, आणि मला जमेनासं झालं तर ती त्याच्याकडंच परत जाईल. तिच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर त्या कागदावर आहे. आज माझी पुतणी तिच्यावर बसून बांधाबांधानं चालवते. लगाम सैल सोडला की थांबायचं, हे शिकायला घोडीला अख्खा पावसाळा लागला.

माझं म्हणणं एवढंच, की हे एका भल्या मालकाच्या मर्जीवर राहू नये. भारतातल्या थरोब्रेडची वंशावळ मुंबई-पुण्याच्या रेस भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या स्टड बुकात नोंदलेली असते. कुणाचा बाप कोण, आई कोण, सगळं कागदावर. मग पळणं संपल्यावर तो घोडा कुणाच्या दारात आहे याची नोंद शेवटपर्यंत का असू नये? ब्रिटनमध्ये 2000 सालापासून शर्यतीच्या क्षेत्रानंच निवृत्त घोड्यांसाठी वेगळी धर्मादाय संस्था चालवलीय. आपल्याकडंही प्रत्येक शर्यतीच्या बक्षिसातून आणि मालकांच्या फीमधून ठरावीक वाटा घोड्याच्या म्हातारपणासाठी बाजूला पडला पाहिजे, आणि तो वाटा घोड्याच्या मागोमाग त्याच्या नव्या गावात गेला पाहिजे. कायद्याचा धाक म्हणाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात आज एक वेळचा खुराकसुद्धा येत नाही.

मराठवाड्यात अशा घोड्यांना जागा नाही असं मी म्हणत नाही. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं शांत स्वभावाचे चार-दोन घोडे खर्चासकट आले तर आमच्या लेकरांना घोड्याचा पाय, घोड्याचं पोट हाताखाली शिकता येईल, आणि पुढं गावोगावी घोडा कळणारा डॉक्टर भेटेल. ज्यांच्याकडं विहिरीला बारमाही पाणी आहे, सावलीचा गोठा आहे, कुंपणाची एकर-दीड एकर मोकळी जागा आहे, अशी घरंही आहेत. अशा घरात खर्चासकट, कागदासकट घोडा येऊ द्या, आम्ही जीव लावू.

तोवर माझ्या भागातल्या पोरांना विनंती आहे. मेसेज आला की लगेच गाडी पाठवू नका. घोड्याचा पासपोर्ट (ओळखीचं पुस्तक) आणि मायक्रोचिपचा नंबर मागा. ग्लँडर्सच्या रक्त तपासणीचा रिपोर्ट मागा; त्या रोगावर उपचार नाही, तो माणसालाही होतो, आणि निघाला तर जनावर मारावं लागतं. पायाचे व्हिडिओ मागा, चालताना आणि दुडकीत, दोन्ही बाजूंनी. शेवटी विचारा, चाऱ्याला महिना किती देणार आणि मला जमलं नाही तर परत घेणार का. यावर समोरचा गप्प बसला तर घोडा घेऊ नका.

आणि ज्यांच्याकडं असा घोडा आधीच आलाय, पाय सुजलाय किंवा खात नाही, त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. आमच्या नालबंदाचा नंबर देतो. या वर्षी माळेगावला मी घोडीसकट येणार आहे, तिथं भेटलात तर नस कशी तपासायची ते हाताला धरून दाखवतो.