मी डक

पुण्यात सिगारेट सोडायची म्हणजे टपरी बदलायची. नवा टपरीवाला उधारी देत नाही, तेवढ्यावर दोन दिवस निघतात. तिसऱ्या दिवशी त्याचीही ओळख होते. मी अशा निदान सात टपऱ्या बदलल्या असतील, सिगारेट तीच राहिली.

इंग्लंडात लेस्टरला आल्यावर ही सोय संपली. इथे वीसचं पाकीट पंधरा पौंडांच्या घरात. रुपयांत हिशेब करायची खोड अजून गेलेली नाही. तो केला की पहिला झुरका घशाखाली उतरत नाही. दुसरा उतरतो. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनीच सुचवलं, वेप, म्हणजे ई-सिगारेट, वापरून बघा. इथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना हे उघडपणे सांगते. बायकोला मात्र ते पटवायला दोन रविवार गेले.

पहिलं दुकान घराजवळचं. तिथे मोबाईलची कव्हरं, चाकाच्या बॅगा, हुक्के आणि अमेरिकन चॉकलेटं गुण्यागोविंदानं नांदत होती. गल्ल्यावरच्या पोरानं मान वर न करता काउंटरखालून एक जाडजूड कांडी काढली. "खास तुमच्यासाठी." वापरून फेकायच्या वेपची विक्री ब्रिटनमध्ये 1 जून 2025 पासून बंद आहे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? खरं तर काउंटरखालून निघाली तेव्हाच ओळखायला हवं होतं. महाराष्ट्रात 2012 पासून बंद असलेला गुटखा असाच तर प्रकट होतो. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की शेजारच्या गुजराती काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "भाई, बधू बराबर?" परत करायला गेलो तर पोरगा म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही.

दुसऱ्या दुकानात एक दाढीवाला धुराच्या ढगात बसला होता. ओहम, वॅट वगैरे बोलला. अकरावीचं फिजिक्स आठवून मी उलट पावली फिरलो.

तिसरं दुकान नारबरो रोडच्या मागे, गल्लीत. गल्ल्यावर पन्नाशीची बाई, दोन्ही हातांवर मनगटापर्यंत गोंदण. मला पाहून म्हणाली, "मी डक." मला वाटलं, ओळख करून देतेय. मीही माझं नाव सांगितलं. मागाहून कळलं की या भागात गिऱ्हाइकाला प्रेमानं "माझ्या बदका" म्हणायची रीत आहे.

"दिवसाला किती? आणि उठल्यावर पहिली किती वेळानं?"

डॉक्टरला सांगतात तसा मी आकडा निम्मा करून सांगितला. तिनं चष्म्यावरून पाहिलं. "मी डक, मी तुझी बायको नाही. खरं बोल."

खरं बोललो. मग तिनं अंगठ्याएवढा पॉड, म्हणजे पुन्हा भरता येणारा वेप, उघडला, कॉइलच्या, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेच्या, भोकातून दिसणाऱ्या कापसावर द्रवाचे चार थेंब सोडले, कापूस ओला होताना मला दाखवला, टाकी भरली आणि दहा मिनिटं हात लावू दिला नाही. कापूस नीट भिजला नाही तर जळतो; आधीचा ठसका कशाचा, तेही तेव्हा उमगलं. टाकी 2 मिलीपेक्षा मोठी नको, निकोटीन मिलीला 20 मिलिग्रॅमच्या वर नको, हा इथला कायदा तिनं आमच्या आजीच्या सोवळ्याच्या थाटात समजावला.

आंब्याचा स्वाद घेतला तो माझा गाढवपणा. जानेवारीत आई आली होती. दारातच थबकून म्हणाली, "अरे, पेटी आणलीस?" मी सुगंधी मेणबत्तीवर ढकललं. ती तीन दिवस पलंगाखाली डोकावत होती.

आईला पोचवायला पुण्याला निघालो तेव्हा दुकानातल्या बाईंना सांगितलं, आमच्याकडे 2019 च्या कायद्यानं हे सगळं बंद, साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत आत. तिनं पॉड माझ्याकडून काढून गल्ल्यात ठेवला, मला केमिस्टकडे निकोटीनचं च्युइंगम आणायला पिटाळलं, पुण्याहून परतल्यावर पॉड पुसून हातात दिला. दारात आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारी दुकानदारीण मी तरी पाहिली नव्हती.

तेव्हापासून बाटली ऑनलाइन पौंडभर स्वस्त मिळत असली तरी मी हिच्याकडूनच घेतो. त्यात दहा मिलीमागे 2.20 पौंडांचा नवा कर, 1 ऑक्टोबर 2026 पासूनचा. अशा बाईचं दुकान चालायला हवं, असं मी घरी ठासून सांगतो. अडचण एवढीच की तिलाच ते पटत नाही. वीस मिलिग्रॅम निकोटीनवरून तिनं मला दहावर आणलं, मग सहावर, मग तीनवर. दर खेपेला मीच घासाघीस करतो, थोडं वाढवा म्हणून.

गेल्या शनिवारी तीनची बाटली मागितली. तिनं शून्याची पुढे ठेवली.

"मग मी यायचं कशाला?" मी विचारलं.

"नको येऊस."

मी शून्याची घेतली. दुकानाला हातभार म्हणून वर दोन कॉइलही काउंटरवर ठेवल्या. तिनं त्या उचलून परत फळीवर लावल्या.

"घरी चार पडल्यात तुझ्याकडे, मी डक."