पाच हजारांची पिशवी

रविवारी सकाळी फरसाण कट्ट्यावर दिसला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. रविवार म्हणजे त्याच्या धंद्याचा दिवस. शेव, पापडी, गाठिया घ्यायला रांग असते. (फरसाण हे त्याचं नाव नव्हे, पण शाळेपासून आम्ही त्याला तेच म्हणतो आणि आता त्याची बायकोही म्हणते.) दुकानात पोराला बसवून तो बंद रेशन दुकानाच्या पायरीवर, म्हणजे आमच्या कट्ट्यावर, अण्णाच्या कटिंगचा ग्लास हातात धरून बसला होता. पीत नव्हता, नुसता धरून.

"काय रे, तोंड का असं?" पम्यानं विचारलं.

त्यानं खिशातून पावती काढली. कार्बनची निळी नक्कल, घड्या पडलेली. हातोहात फिरली. नाव बरोबर, पत्ता अर्धा. कारणाच्या जागी 'प्लॅ. पिशवी'. त्याखाली जाडी-वजनाचा एक रकाना, कोरा. रक्कम मात्र अंकात आणि अक्षरात, दोनदा : रुपये पाच हजार मात्र.

"गुरुवारी संध्याकाळी पथक आलं," फरसाण म्हणाला. "गाडी, चार माणसं. एकानं पिशवी उचलली, अंगठ्यानं अशी चोळली आणि म्हणाला, प्लास्टिक. मी म्हटलं, साहेब, कापडाची आहे. तो म्हणाला, पाच हजार आत्ता भरा नाहीतर माल जप्त करून केस करतो. दुकानात गिऱ्हाईक उभं. भरले. वर पिशव्याही घेऊन गेले."

"बरं केलं," काका म्हणाले.

काका शेजारच्या पालिकेत सफाई खात्यात होते. झाडूपासून सुरुवात करून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. कट्ट्यावर सरकारची बाजू घेणारा एकटा माणूस. पण त्यांना 'सरकारी' म्हटलेलं चालत नाही, कारण त्यांचं अर्धं आयुष्य गटारात गेलंय, केबिनमध्ये नाही.

"बरं केलं काय काका? कापडाची पिशवी होती!"

"दाखव."

दुकानात एक जुडी उरली होती, पथकाच्या नजरेतून सुटलेली. पोरानं आणून दिली. ती लग्नात मिळते तसली पिशवी, वर छोटे छोटे खड्डे दाबलेले, हाताला कापडासारखीच. काकांनी अण्णाकडून काडेपेटी घेतली आणि पिशवीचा कोपरा पेटवला. कापूस जळतो तशी राख झाली नाही. कोपरा आक्रसला, वितळला आणि एक काळा थेंब पायरीवर पडून गोळी झाला.

"हे कापड?"

फरसाण त्या गोळीकडे बघत राहिला. खरं सांगतो, मलाही त्या पिशव्या कापडाच्याच वाटायच्या. आमच्या घरी दिवाणाखाली अशा पन्नास तरी असतील.

"पॉलिप्रॉपिलीन," वकील म्हणाला. तो उशिरा येतो आणि आल्या आल्या ताबा घेतो. "धागा नाही, विणकाम नाही, प्लास्टिकचे तंतू दाबून केलेला कागद. २०१८ साली राज्यानं बंदी आणली तेव्हा या पिशव्याही बंदीत होत्या. केंद्राचे २०२१ चे नियम म्हणतात, चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या खाली वजन असेल तर बंद. पुढे राज्यानंही साठच्या वर वाट मोकळी केली. म्हणजे प्रश्न प्लास्टिक आहे का हा नव्हताच. प्रश्न होता, किती वजनाचं? आणि तो रकाना कोरा आहे."

"अंगठ्याला कळतं," काका म्हणाले. "तीस वर्षं चोळलंय."

"तुमच्या अंगठ्याचं प्रमाणपत्र आहे का?"

इथं पम्या उठला. पम्या बँकेत आहे, आकडा दिसला की त्याला चैन पडत नाही. त्यानं पिशवी वहीच्या पट्टीनं मोजली : ३० बाय ४० सेंटिमीटर. दोन बाजू धरून ०.२४ चौरस मीटर. साठच्या हिशेबानं एक पिशवी निदान १४.४ ग्रॅम भरायला हवी. आम्ही सगळे उठून रस्ता ओलांडून फरसाणच्या दुकानात. काट्यावरची शेव बाजूला काढली, दहा पिशव्या ठेवल्या. लाल आकडे थरथरले आणि थांबले : ९२.

"नऊ पूर्णांक दोन ग्रॅमला एक. म्हणजे चौरस मीटरला अडतीस," पम्यानं जाहीर केलं. पिशवीचे धरायचे बंदही वजनात धरलेले, तरी अडतीस.

रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, पाव किलो पापडी देताय का पिशव्या विकताय?

कट्ट्यावर परत आलो तेव्हा काकांची चाल बदलली होती. "पथक बरोबर होतं."

"बरोबर होतं," वकील म्हणाला, "पण ते त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला दहा मिनिटं लागली, फरसाणच्याच काट्यावर. त्यांना का नाही लागली? उद्या सत्तर ग्रॅमची पिशवी असती तरी हाच अंगठा, हीच पावती."

मला विचाराल तर त्या सकाळचं सगळं भांडण या एका वाक्यात होतं. पण कट्ट्यावर एका वाक्यावर कोण थांबतं?

काका भडकले. "तुला २६ जुलै आठवतो का? आठवत नसेल, तू कॉलेजात असशील. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. दुसऱ्या दिवशी मी कल्व्हर्टच्या तोंडाशी छातीभर पाण्यात. लोखंडी आकडा घालायचा आणि ओढायचं. निघतंय काय? पिशव्या. एकमेकींत गुंतलेल्या, चिखलानं भरलेल्या, दोराच्या वेटोळ्यासारखं बाहेर येत होतं ते. त्यात मेलेलं कुत्रं. तू मला आधी मोजा, ऐकून घ्या, असला नैसर्गिक न्याय शिकवतोस?"

कोणी काही बोललं नाही. अण्णानं न मागता काकांना चहा दिला.

"पाऊसच तेवढा होता काका," पम्या जरा वेळानं म्हणाला. "भरतीही होती. मिठी नदी आधीच भराव टाकून टाकून अरुंद केलेली. पिशवी एकटी नव्हती."

"एकटी नव्हतीच. पण भराव टाकणाऱ्याला मला आकड्यानं ओढता येत नव्हतं. पिशवी ओढता येत होती."

हे बोलल्यावर काका स्वतःच थोडे थांबले. फरसाणला नेमकं तेच म्हणायचं होतं, तो इतका वेळ शब्द शोधत होता. "मग तेच झालं ना! ज्याला ओढता येतं त्याला ओढायचं. माझ्या दुकानात या, वर बघा. वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकल्यात. पाच रुपयांचं पाकीट, आत चमकणारा थर, त्याचं पुढं काहीच होत नाही, भंगारवालाही घेत नाही. ते कायदेशीर! मी अर्धा किलो शेव पिशवीत दिली की पाच हजार. मला ही पिशवी विकली त्या होलसेलवाल्याला कोण विचारतंय? बनवली त्याला?"

"त्या पाकिटांसाठी उत्पादकाची जबाबदारी म्हणून वेगळी व्यवस्था आहे," वकील म्हणाला. "२०२२ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कंपनीनं बाजारात टाकलं तेवढं गोळा करून प्रक्रिया झाल्याचं दाखवायचं. पोर्टलवर."

"म्हणजे त्यांना पोर्टल आणि मला पथक."

यावर काकाही हसले.

वकिलाला मग अमेरिकेचा खटला आठवला. त्याला दर रविवारी एक आठवतो, पण हा खरंच ऐकण्यासारखा होता. आयडाहो राज्यात प्रीस्ट लेक नावाचं तळं आहे. तिथं सॅकेट नावाच्या नवराबायकोनं २००४ मध्ये घरासाठी छोटा प्लॉट घेतला, एकराच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी. २००७ मध्ये खडी-माती टाकून भराव सुरू केला. केंद्राच्या पर्यावरण संस्थेनं आदेश काढला : ही पाणथळ जागा आहे, भराव काढा, जागा पूर्ववत करा, नाहीतर दिवसाला ४०,००० डॉलरच्या वर दंड.

"दिवसाला?" पम्याचा ग्लास तोंडाशी थांबला.

"दिवसाला. आणि मजा पुढं आहे. ते म्हणाले, ही पाणथळ जागा नाहीच, आम्हाला कोर्टात सिद्ध करू द्या. सरकार म्हणालं, आत्ता कोर्टात जाता येणार नाही, आम्ही दंड वसूल करायला येऊ तेव्हा बोला. आम्ही कधी येऊ ते आम्ही ठरवणार. तोवर मीटर चालू."

"रिक्षात बसवायचं, दार लावायचं आणि उतरू द्यायचं नाही," फरसाण म्हणाला.

"तेवढा एक प्रश्न घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले : आम्हाला दाद मागता येते की नाही? २०१२ मध्ये न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, येते. फक्त दरवाजा उघडायला पाच वर्षं. जागा पाणथळ आहे की नाही याचा निकाल लागला २०२३ मध्ये. तोही त्यांच्या बाजूनं."

काकांनी शांतपणे विचारलं, "आणि त्या निकालानं बाकीच्या पाणथळ जागांचं काय झालं?"

वकील जरा चुळबुळला. तो प्रामाणिक आहे, लपवत नाही. "व्याख्याच आकसली. नदी-तळ्याला वरून सलग पाण्यानं जोडलेली असेल तीच पाणथळ केंद्राच्या संरक्षणात राहिली. बाकीचं मोठं क्षेत्र बाहेर गेलं. चार न्यायाधीशांना निकाल मान्य होता, पण ही व्याख्या मान्य नव्हती. उजव्या फळीतले कॅव्हनॉही त्यात होते."

"बघ. नवराबायकोला घर मिळालं आणि दलदल गेली देशाची. तुमच्या त्या पथकानं पहिल्याच दिवशी नीट मोजलं असतं, ऐकून घेतलं असतं, तर हे कोर्टापर्यंत गेलं असतं का?"

मी काकांकडे बघितलं. वकिलाचंच म्हणणं ते वकिलाला सुनावत होते आणि दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"आपल्याकडं वेगळंच चाललंय," वकील पुढं बोलू लागला. "पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड होता. जनविश्वास कायद्यानं २०२४ च्या एप्रिलपासून कैद काढली आणि दंड दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत केला. लोकांना वाटलं, वा, तुरुंग गेला. पण पूर्वी शिक्षा द्यायला न्यायाधीश लागायचा. आता सरकारनं नेमलेला अधिकारीच ठरवणार. अपील हरित लवादाकडं, पण दंडाच्या दहा टक्के आधी भरून."

"पूर्वी किती जणांना कैद झाली ते सांग," काका म्हणाले. "कोर्टात केस टाकायची म्हणजे पंचनामा, नमुना, तारीख. आमचे साहेब म्हणायचे, जाऊ दे. कागदावर पाच वर्षं, प्रत्यक्षात पाच रुपये नाहीत. मग सोपा दंड आणला तर तुम्ही म्हणता जुलूम."

"सोपा दंड आणा. मोजून आणा. माझ्या पावतीवर जाडीचा रकाना छापलाय तुम्हीच," फरसाण म्हणाला. काकांना 'तुम्हीच' लागलं, पण ते गिळलं त्यांनी.

पम्यानं मुंबईच्या क्लीन-अप मार्शलचा विषय काढला. दंडातला वाटा कंत्राटदार संस्थेला, मग मार्शल थुंकणाऱ्याच्या मागं धावणार की फलाटावरून गोंधळून बाहेर पडणाऱ्या पाहुण्याच्या? तक्रारी इतक्या झाल्या की २०२५ मध्ये पालिकेनं ते बंद केलं. यावर वाद झाला नाही. काकाही म्हणाले, वसुलीवर कमिशन ठेवलं की झाडू बाजूला राहतो.

मग फरसाणनं सरळ विचारलं, "माझं काय? पैसे परत मिळतील?"

"नाही," वकील म्हणाला. "कायद्यातले पाच, दहा आणि पंचवीस हजार गुन्हा शाबीत झाल्यावरचे आहेत. जागेवर घेतात ती तडजोडीची रक्कम. भरलीस म्हणजे मान्य केलंस. आणि तुझी पिशवी अडतीसची आहे, विसरू नकोस. ती जुडी आधी इथून हलव, पुढच्या वेळी दहा आहेत."

पोरानं जुडी उचलली. कुठं ठेवू, त्यानं विचारलं. कोणालाच सुचेना. कचऱ्यात टाकली तर गटारात जाणार, ठेवली तर दंड. शेवटी काका म्हणाले, आण इकडं, आणि त्यांच्या कापडी पिशवीत त्यांनी ती घातली.

"माहिती अधिकार टाकू," वकील म्हणाला. वहीचं पान फाडलं. एक : पथकाकडं वजन-जाडी मोजायची साधनं किती, कधी घेतली? दोन : वर्षभरात दंड किती जणांना, त्यात दुकानदार-फेरीवाले किती, साठवणूक करणारे किती, उत्पादक किती? पम्या म्हणाला, किती पावत्यांवर जाडीचा रकाना भरलाय तेही विचार. ते तीन झालं.

काका उठून निघाले होते. थांबले. "चौथा लिही. जप्त मालाची नोंदवही. किती किलो आला, कुणाच्या सहीनं, आणि पुढं कुठं गेला. तारीखवार माग."

"काका, तुम्ही?"

"लिही. तिथंच सगळं अडतं."

वकिलानं लिहिलं आणि मग पेनानं एकेक शब्द मोजायला लागला, कारण आपल्या राज्यात माहितीचा अर्ज दीडशे शब्दांतच बसवावा लागतो. काकांच्या प्रश्नानं तो एकशे एकाहत्तर झाला होता. काय गाळायचं यावर पुन्हा जुंपली. पम्या आपला तिसरा सोडेना.

फरसाणनं कागद घेतला, वरच्या चार ओळी वाचल्या. त्यात गुरुवारची हकिगत होती : गिऱ्हाईक उभं होतं, मी विनंती केली, ऐकलं नाही.

"हे काढ," तो म्हणाला. "आता किती?"

"एकशे त्रेचाळीस."

"बसलं. अर्जाला लावायचं दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट उद्या आणतो, आज रविवार." आणि ग्लासातला गार झालेला चहा एका घोटात संपवून तो दुकानाकडं पळाला, कारण रांग अण्णाच्या टपरीपर्यंत आली होती आणि पोरगं शेव वर्तमानपत्रात बांधत होतं.