आपल्या अभिप्रायास उत्तर: ओला आणि सुका कचरा एकत्र ओतल्याच्या तक्रारीबाबत

नमस्कार.

आमच्या कचरा संकलन सेवेला एकच तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी वाचला आणि त्यानंतर सदाशिव पेठेतील आपल्या सोसायटीच्या फेरीवर असलेला चालक व कचरा गोळा करणाऱ्या दोन्ही ताई यांच्याशी वेगवेगळे बोललो. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे. आपल्या तक्रारी तीन आहेत: अनंत चतुर्दशीपासून सलग दोन दिवस गाडी आली नाही, तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा आपण घरी नेमाने वेगळा केलेला ओला व सुका कचरा आपल्या डोळ्यांदेखत एकत्र ओतला गेला, आणि त्याच आठवड्यात एकदा आपला डबा न रिकामा करता दाराशी सोडून देण्यात आला. "मग आम्ही घरात दोन डबे ठेवायचे तरी कशाला?" हा आपला प्रश्न मधल्या तक्रारीतून आलेला आहे आणि तीच सर्वांत गंभीर आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

आपण पाहिलेत ते खरे आहे. आमच्या नेहमीच्या टेम्पोच्या हौद्यात मधोमध पत्र्याची आडभिंत आहे. केबिनकडच्या भागात सुका कचरा जातो, मागच्या भागात ओला. दोन्ही डबे एकाच गाडीत रिकामे होताना वरच्या मजल्यावरून पाहिले, तर सगळे एकत्रच पडते आहे असे वाटते, आणि तशा तक्रारी आमच्याकडे अधूनमधून येतात. आपल्यालाही हेच उत्तर देऊन मोकळे होणे सोपे होते, पण त्या दिवशी ते खोटे ठरले असते. तीन दिवसांचा कचरा एका गाडीत मावणार नाही म्हणून मी दुसरा टेम्पो भाड्याने घेतला होता आणि त्यात आडभिंत नव्हती. अशा वेळी सुका कचरा गोण्यांत भरून गाडीच्या टपावर बांधायचा, असे आमच्याकडे ठरलेले आहे. गोण्या गाडीत होत्या, पण चालकाने त्या उघडल्या नाहीत, कारण पुढच्या तीन इमारतींतून सारखे फोन येत होते. हे त्याने स्वतःहून सांगितले. गाडी मी ठरवली आणि तिच्यात काय नाही हे मला माहीत होते, त्यामुळे चूक त्याच्याआधी माझी आहे.

त्या खेपेचे पुढे काय झाले, हेही आपल्याला कळायला हवे. रद्दी आणि पुठ्ठा आमटीभाताच्या पाण्यात भिजला की भंगारवाला त्याला हात लावत नाही, त्यामुळे आपल्या इमारतीतून आलेली चांगली, कोरडी रद्दी त्या दिवशी फुकट गेली. ओला कचरा आम्ही वाळलेला पालापाचोळा आणि लाकडाचा भुसा मिसळून खतासाठी लावतो. नीट लावलेला ढीग दोन-तीन दिवसांत आतून इतका तापतो की हात घालवत नाही, आणि त्याला फारसा वासही येत नाही. या खेपेत मात्र शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे होते. दोघी ताई अख्खी दुपार ते हाताने वेचत बसल्या होत्या. पिशव्यांचे हे कोपरे कापणाऱ्यांनी पूर्ण न तोडता लोंबते ठेवले तरी आमचे निम्मे वेचणे वाचेल, हे जाता जाता सांगून ठेवतो. आता आडभिंत नसलेली गाडी आम्ही भाड्याने घेणार नाही; वेळ आलीच तर सुका कचरा दुसऱ्या दिवशी वेगळ्या फेरीत उचलू आणि तसे आदल्या दिवशी कळवू.

दोन दिवसांच्या खाड्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर रस्ता वाहनांसाठी बंद असतो आणि टेम्पो पेठेत शिरत नाही. हे दर वर्षीचे आहे आणि म्हणूनच ती सबब होऊ शकत नाही. सोसायटीच्या फलकावर आठवडाभर आधी सूचना लागायला हवी होती आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री एक जादा फेरी व्हायला हवी होती. नैवेद्याची केळीची पाने आणि खवलेल्या नारळाच्या करवंट्या घरात तीन दिवस पडून राहिल्यावर काय होते, ते मी समजू शकतो. या दोन दिवसांचे पैसे पुढच्या महिन्याच्या बिलातून वजा होतील.

डबा न उचलण्याच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. त्या दिवशी आपल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात गाठ मारलेली कॅरीबॅग होती आणि तिच्यात वापरलेले डायपर व फुटलेल्या काचेच्या ग्लासाचे तुकडे होते. ताईंनी पिशवी सोडली तेव्हा हातमोजा फाटून त्यांच्या बोटाला काच लागली, आणि त्यानंतर त्यांनी डबा तसाच ठेवला. डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन वेगळे गुंडाळून द्यावेत, हे घनकचरा व्यवस्थापन नियमांतच सांगितलेले आहे. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची पद्धत आहे, ती एवढ्यासाठीच की घेणाऱ्याला पुडी न उघडता कळावे. काच जाड कागदात गुंडाळून, वर "काच" असे लिहून सुक्या कचऱ्यासोबत द्यावी. असा डबा पुढेही उचलला जाणार नाही. मात्र ताईंनी घंटा वाजवून कारण सांगायला हवे होते. त्याऐवजी त्या जिन्यात जे काही बोलल्या ते आपल्याला ऐकू गेले, आणि ते शब्द योग्य नव्हते. त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. त्यांनीही तसे कळवायला सांगितले आहे.

सोमवारपासून आपल्या फेरीवर नेहमीचा टेम्पो येईल. सकाळी आठच्या सुमारास तो फाटकाशी थांबतो. हौद्याची मागची फळी पाच मिनिटे उघडी ठेवायला मी चालकाला सांगितले आहे, आणि पहिले तीन दिवस मी स्वतः गाडीसोबत असेन.

आपला,
सेवेचा मालक